छोट्या व्यवसायासाठी नॅस निवडताना: मॉडेल सगळ्यात शेवटी

पणजीत किंवा मडगावात कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन ‘ऑफिससाठी नॅस हवा’ म्हटलं की पहिला उलट प्रश्न येतो, ‘टू बे देऊ की फोर बे?’ बे म्हणजे डिस्क बसवायचा खण. या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी बऱ्याच गोष्टी ठरायला हव्यात आणि त्या ठरवायला दुकानदार लागत नाही. कागद-पेन लागतं आणि ऑफिसातल्या दोन-तीन माणसांचा अर्धा दिवस लागतो. हा लेख त्याच क्रमाने जातो, त्यामुळे मॉडेलांची नावं बरीच उशिरा येतील.

नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेला, स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम असलेला डिस्कचा डबा. ऑफिसातल्या सगळ्या संगणकांना तो सामायिक फोल्डर म्हणून दिसतो. कुणाचा पीसी बंद असला तरी फाईल मिळते, कुणाला काय दिसावं हे ठरवता येतं, आणि नीट मांडणी केली असेल तर परवाची फाईलही परत आणता येते.

१. नॅस हवाच आहे का, ते आधी बघा

तीन माणसांचं ऑफिस, वर्ड-एक्सेलच्या फायली, सगळं मिळून शंभर-दोनशे जीबी. अशा ठिकाणी गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ घ्या, त्याचा वेगळा बॅकअप ठेवा आणि हा लेख इथेच सोडा. नॅस उपयोगी पडतो तो मोठ्या फायली असणाऱ्यांना: आर्किटेक्ट, लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणारे स्टुडिओ, छापखाने, आणि हजारो पानं स्कॅन करून ठेवणारे वकील व सीए. इंटरनेट गेलं तरी काम थांबू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनाही.

टॅलीसाठी घेत असाल तर जरा थांबा. टॅलीचा डेटा नॅसच्या शेअर्ड फोल्डरवर चालतो, पण वायफायवरून उघडलेल्या कंपनीचा डेटा मध्येच जोडणी तुटली की बिघडू शकतो. माझं मत असं: टॅलीचा डेटा एका चांगल्या पीसीवर राहू द्या, सगळे संगणक तारेने जोडा आणि नॅसवर रोज रात्री त्याची प्रत जाऊ द्या.

२. बंद पडला तर किती थांबता येईल?

कागदावर दोन आकडे लिहा. किती तासांचं काम पुन्हा करावं लागलं तरी चालेल, हा पहिला. फायली न मिळता ऑफिस किती वेळ चालू शकेल, हा दुसरा. यापुढचा सगळा खर्च या दोन आकड्यांवर ठरतो, आणि ते मालकानेच सांगायला हवेत.

हे आकडे धंद्यागणिक वेगळे निघतात. सीएच्या ऑफिसात मे महिन्यात दोन दिवस गेले तर कुणी विचारणार नाही, सप्टेंबरअखेरीस दोन तास गेले तरी फोन वाजायला लागतील. लग्नाच्या फोटोग्राफरचं उलटं आहे. त्याला चार दिवस थांबता येतं, पण कॅमेऱ्याचं कार्ड एकदा रिकामं केलं की तो मुहूर्त पुन्हा शूट करता येत नाही. त्याचा पहिला आकडा शून्य. गोव्यातल्या वकिलाकडे इन्व्हेंटरी प्रोसिडिंगची, म्हणजे वारसांतल्या वाटणीच्या खटल्यांची बाडं असतात, पोर्तुगीज काळातले दस्त असतात, मुंडकाराच्या (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या) दाव्याचे कागद असतात. मूळ कागद स्कॅन करून पक्षकाराला परत दिलेले असतात, आणि ते पुन्हा मागायला जाणं म्हणजे तीन भावांच्या घरी तीन फेऱ्या. बुकिंगचं सॉफ्टवेअर क्लाउडवर असलेल्या कांदोळीच्या हॉटेलला नॅसशिवाय आठवडाही काढता येईल.

३. दुसरी प्रत कुठे राहणार?

बहुतेक लोक हा विचार सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत करतात. माझा आग्रह आहे की बजेटमधून दुसऱ्या प्रतीचे पैसे पहिल्यांदा बाजूला काढा. नॅस चोरीला गेला, जळला, पुरात बुडाला किंवा त्यातल्या फायली कुणी खंडणीसाठी कुलूपबंद केल्या, तर आतल्या डिस्क कितीही असल्या तरी उपयोग शून्य.

छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम अजून चालतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. छोट्या ऑफिससाठी त्याचे तीन व्यवहार्य मार्ग आहेत.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे दोन यूएसबी डिस्क. एक नॅसला जोडलेली, दुसरी मालकाच्या घरी, दर शुक्रवारी अदलाबदल. यात यंत्र कधी चुकत नाही, माणूस चुकतो. चतुर्थीच्या सुट्टीनंतर अदलाबदल थांबते आणि दिवाळीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून हे काम एका माणसाच्या नावावर लिहा आणि कॅलेंडरवर टाका.

दुसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो: मालकाच्या घरी एक साधा दोन बेचा नॅस. ऑफिस पणजीत आणि घर फोंड्याला असेल तर उत्तमच. मांडवीचं पाणी दोन्हीकडे एकाच दिवशी चढत नाही. पहिली पूर्ण प्रत ऑफिसातच, दोन्ही डबे एकाच स्विचला जोडून करून घ्या आणि मग दुसरा घरी न्या. कारण साधं आहे: १ टीबी डेटा ४० एमबीपीएसच्या अपलोडने पाठवायला सुमारे ५५ तास लागतात, तेही लाईन एकदाही न तुटता. नंतर रोज फक्त बदललेला भाग जातो, तो रात्रीत आटपतो.

तिसरा मार्ग क्लाउड. इथे ठेवण्याच्या भाड्याइतकंच परत आणण्याचं भाडं आणि वेळ विचारा. तुमची नोंदणीकृत कंपनी असेल तर आणखी एक गोष्ट आहे. हिशोबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवणाऱ्या कंपन्यांनी त्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवावा, अशी दुरुस्ती कंपनी लेखा नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झाली. त्यामुळे क्लाउड घेताना डेटा केंद्र भारतातलं निवडा. अ‍ॅमेझॉनचं मुंबईत आहे. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात आणि कंपनीची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं. जुनं काय पुसायचं, हे हे आकडे समोर ठेवून ठरवा.

४. जागेचा हिशोब

अंदाजाने ‘आठ टीबी पुरेल’ म्हणू नका, मोजा. आत्ता सगळ्या पीसींवर मिळून काय आहे ते बघा, गेल्या वर्षी त्यात किती भर पडली ते बघा, चार वर्षांची भर मिळवा आणि वर तीस टक्के मोकळी जागा ठेवा. स्नॅपशॉट, म्हणजे फायलींची त्या त्या वेळची टिपून ठेवलेली स्थिती, त्या मोकळ्या जागेतच राहतात, आणि पार भरलेला नॅस मंदावतो.

काही ठोकताळे. ए-फोर पान ३०० डीपीआयला रंगीत, आकार न घटवलेल्या टिफ चित्रात स्कॅन केलं तर सुमारे २६ एमबी होतं. तेच नीट केलेल्या पीडीएफमध्ये एक एमबीच्या आसपास राहतं. पन्नास हजार पानांच्या ऑफिसात हा फरक १.३ टीबी आणि ५० जीबी इतका. स्कॅनरची एक सेटिंग बदलून डिस्कचा खर्च वाचतो, आणि दुकानदार ते सांगणार नाही. १०० एमबीपीएसने शूट केलेला फोर-के व्हिडिओ तासाला ४५ जीबी घेतो. दोन कॅमेऱ्यांनी आठ तासांचं लग्न म्हणजे ७२० जीबी.

सीसीटीव्हीचं फुटेज याच नॅसवर टाकायचा मोह होतो. ४ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी लिहितो, तीस दिवसांत १.३ टीबी. सोळा कॅमेरे म्हणजे वीस टीबीहून अधिक, आणि डिस्कवर अहोरात्र लिखाण. कॅमेऱ्यांना स्वतःचा एनव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा वेगळा डबा असू द्या.

डिस्कवर ४ टीबी छापलेलं असतं आणि विंडोज ३.६३ दाखवतं. फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी. हिशोबात मात्र धरायला विसरू नका.

५. रेड: किती डिस्क मेल्या तरी चालेल?

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून एखादी मेली तरी काम चालू ठेवायची पद्धत. ती बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाईल रेडमधल्या सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते.

दोन डिस्क असतील तर रेड १, म्हणजे आरसा. ८ टीबीच्या दोन घ्या, वापरायला ८ मिळतील. यात विचार करायला फारसं काही नाही आणि तोच त्याचा गुण. दहा माणसांपर्यंतच्या कागदपत्रांच्या ऑफिसला मी यापलीकडे जायला सांगत नाही. रेड ० मध्ये एक डिस्क मेली की सगळंच जातं, तो कामाच्या डेटासाठी घेऊ नका.

चार डिस्क असतील तर वाद सुरू होतो. ८ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये २४ टीबी देतात आणि एक मेलेली सहन करतात. रेड ६ मध्ये १६ मिळतात आणि दोन मेलेल्या चालतात. विकणारा रेड ५ सुचवतो, कारण कागदावर जागा जास्त दिसते. पण मेलेली डिस्क बदलल्यावर नवी भरायला किती वेळ लागतो ते पाहा. १२ टीबीची डिस्क सेकंदाला १८० एमबीने लिहिली तरी अठरा तासांवर जातात, आणि त्याच वेळी ऑफिसचं काम चालू असेल तर दोन-तीन दिवस. त्या काळात उरलेल्या डिस्कवर सगळ्यात जास्त ताण असतो, त्या बहुधा एकाच दिवशी घेतलेल्या असतात, आणि रेड ५ मध्ये दुसरी गेली की सगळं गेलं. आठ टीबीपेक्षा मोठ्या डिस्क असतील तर मी रेड ६ घेईन. ज्याची दुसरी प्रत रोज होते आणि दोन दिवस थांबायची तयारी आहे, त्याने रेड ५ घेतला तरी वेडेपणा म्हणणार नाही. इथे पायरी दोनमधला कागद काढून बघायचा.

सिनॉलॉजीचा एसएचआर हा प्रकार वेगवेगळ्या आकारांच्या डिस्क एकत्र वापरू देतो. पुढे एकेक डिस्क मोठी करत न्यायची असेल तर सोयीचा.

६. डिस्क

डब्यापेक्षा डिस्कवर जास्त पैसे जातात, आणि मरायची शक्यताही त्यांचीच जास्त. मोठ्या प्रमाणावर डिस्क वापरणारी बॅकब्लेझ कंपनी स्वतःचे आकडे प्रसिद्ध करते. २०२४ मध्ये तिच्या डिस्कचं वार्षिक बिघाडाचं प्रमाण १.५७ टक्के होतं. ते वातानुकूलित डेटा केंद्रातलं, कांपालच्या दमट ऑफिसातलं नाही.

पहिली अट: डिस्क सीएमआर हवी, म्हणजे माहितीचे पट्टे सुटे सुटे लिहिणारी. एसएमआर प्रकारच्या डिस्कमध्ये माहितीचे पट्टे एकमेकांवर किंचित चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायला शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एकट्या बॅकअप डिस्कला हे चालतं, रेड भरताना मात्र असह्य मंद होतं. २०२० मध्ये डब्ल्यूडी कंपनीच्या ‘रेड’ (म्हणजे लाल; वरच्या रेडशी संबंध नाही) मालिकेतल्या काही डिस्क न सांगता एसएमआर असल्याचं उघड झालं आणि बराच गदारोळ झाला; त्यानंतर सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ नावाने वेगळ्या आल्या. आज डब्ल्यूडी रेड प्लस, सीगेट आयर्नवुल्फ किंवा तोशिबा एन३०० यांपैकी कुठलीही घ्या. रेड प्लस आणि आयर्नवुल्फला तीन वर्षांची वॉरंटी असते, त्यांच्या ‘प्रो’ भावंडांना पाच. पंचवीस माणसांच्या ऑफिसला प्रोचे पैसे वसूल होतात.

दुसरी अट: बिल भारतातल्या अधिकृत वितरकाकडून आलेल्या मालाचं हवं. ‘इम्पोर्टेड आहे साहेब, स्वस्तात देतो’ असं ऐकलं तर सीरियल नंबर मागा आणि कंपनीच्या साइटवर भारतातली वॉरंटी आहे का ते पैसे देण्याआधी तपासा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात हजारो तास चाललेल्या सीगेटच्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं प्रकरण बाहेर आलं. स्मार्टमधले, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्यातले, चाललेले तास शून्यावर आणलेले होते, पण डिस्कच्या आतल्या ‘फार्म’ नोंदींत खरे तास सापडले. कंपनीने तो माल आपण तसा विकला नसल्याचं सांगितलं; साखळीत कुणीतरी मधेच हात मारला होता.

तिसरी अट खास आपल्यासाठी. एक डिस्क जास्तीची घ्या आणि कपाटात ठेवा. तुमच्या मापाची डिस्क पणजी-म्हापशात त्या दिवशी मिळेलच असं नाही, आणि मुंबईहून येणारं पार्सल जुलैत घाटात अडकलं की तेवढे दिवस रेड लंगडा चालतो.

७. वीज, पाऊस, खारी हवा

प्रोसेसरच्या चर्चेत लोक तास घालवतात आणि नॅस ठेवतात जिन्याखाली, इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी. गोव्यात बिघडलेला नॅस बघितला तर कारण बहुतेक वेळा वीज किंवा पाणी असतं.

मे २०२१ मधल्या तौक्ते वादळानंतर अनेक गावांत लाईट यायला दिवस लागले. त्याच वर्षी जुलैत सत्तरी-डिचोलीत पुराचं पाणी घरांत शिरलं. म्हणून साखळी, डिचोली, वाळपईच्या बाजारात तळमजल्यावर ऑफिस असेल तर नॅस छातीच्या उंचीवर, भिंतीला पक्क्या बसवलेल्या फळीवर हवा. कौलारू घरात माळ्यावर ठेवू नका. एप्रिलमध्ये तिथे डिस्क भाजून निघते. तिचं तापमान पंचेचाळीस अंशांच्या आत राहायला हवं.

यूपीएस घेताना व्हीएच्या, म्हणजे क्षमतेच्या आकड्याबरोबर एक प्रश्न विचाराच: यूएसबी डेटा पोर्ट आहे का? चार बेचा नॅस साधारण तीस-चाळीस वॅट घेतो, त्याला छोटा यूपीएसही बराच वेळ चालवतो. पण पोर्ट नसेल तर वीज गेल्याचं नॅसला कळत नाही, आणि बॅटरी संपली की तो लिहिता लिहिता धाडकन बंद पडतो. पोर्ट असेल तर पाच मिनिटांनी तो स्वतः फायली मिटवून नीट बंद होतो. चवथीला ऑफिसला तीन-चार दिवस कुलूप असतं तेव्हा हीच सोय कामी येते. घेण्याआधी तो यूपीएस तुमच्या नॅस कंपनीच्या यादीत आहे का पाहा, आणि इन्व्हर्टरवर अवलंबून राहू नका. बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी बदलायची, तो खर्च आत्ताच लिहून ठेवा.

अर्थिंग मोजून घ्या. उन्हाळ्यात चिऱ्याची जमीन कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा खड्डाही सुकतो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टहून जास्त दिसलं तर आधी इलेक्ट्रिशियन, मग नॅस.

विजांचा कडकडाट मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरात असतो. तेव्हा धोका प्लगमधूनच येतो असं नाही. कंपाउंडवरच्या कॅमेऱ्याची नेटवर्क केबल उघड्यावरून आत येते आणि नॅसच्याच स्विचला लागते. वीज जवळ पडली की झटका त्या तांब्याने आत शिरतो. बाहेरच्या कॅमेऱ्यांचा स्विच वेगळा ठेवा आणि तो मुख्य स्विचला फायबरच्या (काचेच्या, वीज न वाहणाऱ्या) तुकड्याने जोडा. दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची तार फायबरला जोडणारे छोटे डबे) आणि थोडी फायबर, एवढ्यात काम होतं.

किनाऱ्यालगत, कळंगूट-कोलव्यात, खाऱ्या हवेने पोर्टांचे पत्रे गंजतात. एसीचा थेट थंड झोत नॅसवर नको: रात्री एसी बंद झाल्यावर जूनची दमट हवा थंड धातूवर घाम धरते. मुंग्या आणि पालींना उबदार डबा आवडतो. महिन्यातून एकदा मागची जाळी बघत जा.

८. तार

साध्या गिगाबिट जोडणीवर सेकंदाला ११०-११५ एमबी मिळतात. कागदपत्रांच्या ऑफिसला ते भरपूर. व्हिडिओ किंवा मोठी ड्रॉइंग असतील तर २.५ गिगाबिटचा स्विच घ्या. घातलेली कॅट ५ई तार चांगली असेल तर तीच शंभर मीटरपर्यंत चालते. नवी तार ओढतच असाल तर कॅट ६ए ओढा.

फोंतेन्हाससारख्या भागातल्या जुन्या घरात ऑफिस असेल तर वायफायची आशा सोडा. हात-दीड हात जाडीच्या चिऱ्याच्या भिंतीतून सिग्नल जेमतेम जातो.

९. आता डबा

वरचं सगळं ठरलं असेल तर डबा निवडायला वीस मिनिटं लागतात. बे किती, हे पायरी चार आणि पाचने सांगितलंच. चारांची गरज असेल आणि पुढे वाढ दिसत असेल तर एक बे रिकामा राहील असं घ्या.

बाजारात सिनॉलॉजी आणि क्यूनॅप सर्वांत परिचित आहेत, अ‍ॅसस्टोर, टेरामास्टर आणि यूग्रीनही मिळतात. सिनॉलॉजीच्या नावातच माहिती असते: डीएस२२५+ मध्ये २ म्हणजे दोन डिस्क आणि २५ म्हणजे २०२५ सालचं मॉडेल; डीएस९२५+ मध्ये चार बे आहेत आणि जोडडबा लावून नऊ डिस्कपर्यंत जाता येतं. क्यूनॅप त्याच पैशांत बहुधा जास्त हार्डवेअर देतो, सिनॉलॉजीचं सॉफ्टवेअर जास्त सरळ आहे. ऑफिसात संगणकाची जाण असलेला माणूस कायमचा नसेल तर मी सरळ सॉफ्टवेअरचे पैसे देईन. एप्रिल २०२५ मध्ये सिनॉलॉजीने नव्या प्लस मॉडेलांत स्वतःच्याच डिस्कची सक्ती आणली होती. ओरड झाली आणि ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ या तिच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्तीबरोबर ती सैल झाली. तरीही घेण्याआधी सुसंगत डिस्कची यादी बघायची सवय ठेवा.

बीट्रीएफएस किंवा झेडएफएस ही फाईल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) हवी. या स्नॅपशॉट देतात आणि डिस्कवर आपोआप सडलेली माहिती ओळखतात. ‘जे’ अक्षराच्या स्वस्त मॉडेलात ही सोय नसण्याची शक्यता असते, माहितीपत्रक वाचा. रॅम ४ जीबी असावी. व्हर्च्युअल मशीन चालवायचं डोक्यात नसेल तर प्रोसेसरबद्दल विचार करणं बंद करा, आणि कागदपत्रांच्या ऑफिसला एसएसडी कॅश घेऊ नका.

जुन्या पीसीवर ट्रूनॅस हे नॅसचं मोफत सॉफ्टवेअर टाकून फुकटात होतं, असं सांगणारा एक तरी मित्र सगळ्यांना असतो. होतं. पण तो मित्र बेंगळुरूला नोकरीला गेल्यावर रात्री फोन कुणाला लावणार, हे आधी ठरवा.

१०. दुकानात

कोटेशन तीन ठिकाणांहून घ्या आणि त्यात या ओळी वेगवेगळ्या मागा: डबा, डिस्क मॉडेल नंबरसह, जास्तीची डिस्क, यूपीएस, दुसऱ्या प्रतीचं साधन, बसवण्याचं काम. नोंदणी असेल तर भरलेला जीएसटी इनपुट क्रेडिटमध्ये मिळतो, म्हणून बिल व्यवसायाच्या नावाने हवं. मग विचारा: डबा बिघडला तर दुरुस्तीला कुठे जातो, तोवर पर्यायी डबा देता का, डिस्क बदलून किती दिवसांत मिळते? ‘मुंबईला पाठवतो, पंधरा दिवस’ असं उत्तर आलं आणि तुमच्या कागदावर ‘एक दिवस’ लिहिलेलं असेल, तर घरचा दुसरा नॅस ऑफिसात आणून चालवायची तयारी हवी. त्यासाठी दोन्ही डबे एकाच कंपनीचे असलेले बरे.

११. पहिला महिना

डेटा लगेच ओतू नका. आधी सगळ्या डिस्कची विस्तारित स्मार्ट चाचणी चालवा. मोठ्या डिस्कला दिवसभर लागतो. मग मूळचं अ‍ॅडमिन खातं बंद करा, नव्या नावाने प्रशासक खातं उघडा, दोन टप्प्यांची ओळख (पासवर्डनंतर फोनवरचा कोड) लावा. प्रत्येक माणसाला स्वतःचं खातं द्या. ‘ऑफिस’ नावाचं सगळ्यांचं एक खातं ठेवलं तर फाईल कुणी पुसली हे कधीच कळणार नाही. परवानग्या गटांना द्या: लेखा, डिझाईन, मालक. हॉटेलवाल्यांनी पाहुण्यांचे पासपोर्ट आणि आधारचे स्कॅन वेगळ्या, कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवावेत. डेटा संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात, आणि सुरक्षेतल्या हलगर्जीपणाला कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

घरून फायली हव्यात म्हणून राउटरवर पोर्ट उघडून, म्हणजे नॅस थेट इंटरनेटला उघडा करून देणारा तंत्रज्ञ भेटला तर त्याला थांबवा. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर या खंडणीखोर सॉफ्टवेअरने क्यूनॅपच्या डब्यांतल्या फायली सेव्हन-झिपमध्ये कुलूपबंद केल्या. जानेवारी २०२२ मध्ये तशाच डेडबोल्टने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप गाठून प्रत्येकी ०.०३ बिटकॉइन मागितले. सिनॉलॉजीवाल्यांना २०१४ मध्ये सिनोलॉकर भेटला होता. बाहेरून वापरासाठी व्हीपीएन, म्हणजे फक्त तुमच्या माणसांसाठीची बंदिस्त जोडणी लावा. वायरगार्ड किंवा टेलस्केल. आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) नसतो, तिथेही टेलस्केल चालतं. कंपनीवर असा हल्ला झालाच तर सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचं असतं, एप्रिल २०२२ पासून हा आदेश आहे.

स्नॅपशॉट कामाच्या वेळेत दर तासाला, रोजचे तीस दिवस, महिन्याचे वर्षभर. बदलता न येणाऱ्या स्नॅपशॉटची सोय असेल तर सात दिवसांसाठी ती चालू करा, म्हणजे प्रशासकाचा पासवर्ड चोरीला गेला तरी ते कुणाला पुसता येत नाहीत. बिघाडाचा ईमेल मालकाच्या फोनवर येतो का, हे एक डिस्क हाताने बाहेर काढून बघा. ही चाचणी डेटा भरण्याआधीच करा.

महिनाअखेरीस एक फोल्डर दुसऱ्या प्रतीवरून परत आणा, आणि ते काम बसवणाऱ्याने न करता तुमच्या माणसाने करावं. लागलेला वेळ पायरी दोनच्या कागदावर, त्या आकड्याशेजारी लिहा. नंतर हे तीन महिन्यांतून एकदा, त्यातली एक चाचणी मे महिन्यात. पासवर्ड, एनक्रिप्शनची (किल्लीशिवाय डेटा वाचता येऊ नये म्हणून केलेल्या कुलूपबंदीची) किल्ली आणि बसवणाऱ्याचा नंबर कागदावर लिहून बंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. किल्ली फक्त नॅसवरच ठेवलेली असेल तर डबा गेल्यावर एनक्रिप्ट केलेला बॅकअप उघडणार नाही.

१२. काढलेल्या डिस्क

चार-पाच वर्षांनी डिस्क बदलाल तेव्हा जुन्या भंगारवाल्याला तशाच देऊ नका. चालू असतील तर नॅसमधूनच सुरक्षित पुसणी चालवा. मेलेल्या असतील तर ड्रिलने तबकड्यांतून तीन-चार भोकं पाडा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे देऊन पावती घ्या. वॉरंटीत मेलेली डिस्क कंपनीला परत पाठवावी लागते आणि तिला भोक पाडता येत नाही. पक्षकारांचे किंवा रुग्णांचे कागद असतील तर पहिल्या दिवशीच व्हॉल्यूम, म्हणजे नॅसवरची साठवणीची जागा, एनक्रिप्ट करून ठेवा, नाहीतर अशा डिस्कची वॉरंटी सोडून द्यायची तयारी ठेवा.